तीन कामं, एक दांडा

दुधनीचा बाजार तुरीचा, हरभऱ्याचा, ज्वारीचा. अक्कलकोट तालुक्यातलं हे गाव कर्नाटकाच्या हद्दीला खेटून आहे. सोलापूरहून निघालेले रूळ १८७१ साली रायचूरला पोचले, त्याच मार्गावर हे स्टेशन. इथे मराठीत सुरू झालेला व्यवहार कन्नडमध्ये मिटतो. धान्य आलं की कोठी आली, नरसाळं आलं, डाळमिलचा हॉपर आला. आणि या सगळ्यांच्या पाठोपाठ पत्र्याचं काम करणारा आला. मला बाजारावर लिहायचं होतं. मी रेंगाळलो मात्र एका घराच्या पडवीत, अडीच फुटी यंत्रापाशी.

ज्यांचं हे यंत्र, त्यांना गल्लीत सगळे अण्णा म्हणतात. पत्रा कापणं, वाकवणं आणि गोल करणं ही तिन्ही कामं यावर होतात. हँडल फिरवलं की खालचा दांडा फिरतो. दांड्याच्या दोन्ही टोकांना एक्सेंट्रिक, म्हणजे मध्यापासून सरकवलेली चाकं, आणि ती आडवा रॅम खाली ओढतात. रॅमच्या एका अंगाला कातरीचं पातं, दुसऱ्या अंगाला वाकवायचा पंच. वर तीन रोलर. त्यांना याच हँडलची गती गिअरमधून मिळते. अशा यंत्रांची ताकद बहुधा २० गेजच्या, म्हणजे सुमारे ०.९ मिमीच्या साध्या पोलादी पत्र्यापर्यंत असते. स्टेनलेस त्याहून पातळच घ्यावा लागतो. मोटर नाही, वीज नाही, एका खोलीत मावतं. घरगुती कारागिरासाठी याहून शहाणी रचना मला माहीत नाही.

अण्णांचं यंत्र डावीकडे कापेना. २६ गेजचा पत्रा उजवीकडून स्वच्छ कापत येई आणि शेवटच्या चार बोटांत पात्यांमध्ये दुमडून अडके. असं झालं की पहिला संशय फटीवर जातो. दोन पात्यांमधली फट पत्र्याच्या जाडीच्या ५ ते १० टक्के हवी. २६ गेज म्हणजे ०.४६ मिमी, म्हणजे फट वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही कमी. अण्णांनी खालचं पातं डावीकडे पुढे सरकवलं. दोन-चार पत्रे कापले गेले, मग पात्याला पातं घासू लागलं आणि धारेचा टवका उडाला. पात्याला आणखी धारा असतात, ते उलटवून लावता येतं. पण कारण न शोधता उलटवलं असतं, तर तीही धार गेली असती.

मग ते जमिनीपासून निघाले. ही पद्धत मला फार आवडली. आधी पायाचे बोल्ट सैल केले. एक पाय फरशीला टेकतच नव्हता. बोल्ट आवळताना अख्खी चौकट पिळली जात होती. त्याखाली पट्ट्या सारून, लेव्हल लावून बोल्ट पुन्हा आवळले. कापण्याची रेघ सुधारली, पण टोक अडकायचं थांबलं नाही.

पुढची परीक्षा साधी आणि हुशार. एकाच पत्र्याच्या दोन सारख्या पट्ट्या पंचाखालच्या डायच्या दोन्ही टोकांना ठेवून एकदम वाकवल्या. उजवीचा कोन बरोबर काटकोनात, डावीचा उघडा. कातर डावीकडे अपुरी, वाकही डावीकडे अपुरा. दोन्हींचा रॅम एक, म्हणजे दोष पात्यात नव्हताच. पहारीने रॅम डावीकडे उचलून पाहिला. दांडा हलला नाही, रॅम मात्र उठला. उजवीकडे तसं होत नव्हतं. डाव्या एक्सेंट्रिकचं बुश, म्हणजे त्याभोवतीचं कडं, झिजलं होतं, आणि रॅम तिथे तेवढा मागे राहत होता.

रोलरचं दुखणं वेगळं निघालं. नळकांडं गोल व्हायच्या जागी नरसाळ्यासारखं निमुळतं होत होतं. रोलर एक्सेंट्रिकवर चालत नाहीत, म्हणून बुशाला दोष देऊन भागत नव्हतं. मागच्या रोलरची दोन टोकं खालीवर होती. दोन्ही स्क्रू सारखे करताच ते मिटलं. पत्र्याची सुरुवातीची कड मात्र सपाटच राहते, कारण मागच्या रोलरपर्यंत पोचेतो तिला वाकवणारं काही नसतं. ती आधी हाताने वळवून द्यावी लागते. यंत्राची ती मर्यादाच आहे, बिघाड नाही.

अडचण बुशाची. ते बाजारात तयार मिळत नाही. गनमेटलचं लेथवर काढायचं, तर आधी एक्सेंट्रिक कितपत झिजला आहे हे मोजावं लागणार. तोही खाल्ला गेला असेल, तर नवं बुश बसवूनही रॅम डुलेलच. त्यासाठी दांडा काढायचा, म्हणजे रोलरचा गिअर, त्याची चावी, रॅमच्या पट्ट्या सगळं सुटणार, आणि आत्ताच जमवलेली पातळी व फट पुन्हा जमवावी लागणार. यंत्र कामाच्या दिवसांत उघडं पडलं तर कोठ्यांची कामं दुसरीकडे जातात. अण्णा म्हणाले, ‘‘खोलायला भीती नाही. बंद करायला वेळ नाही.’’

मला काळजी वाटते ती या वाट पाहण्याचीच. बुश सैल असेपर्यंत प्रत्येक कापाचा धक्का डाव्या टोकाला जास्त बसतो आणि झीज वाढत जाते. सध्या ते लहान पत्रे उजव्या बाजूला ठेवून कापतात, पूर्ण रुंदीची कोठीची पानं हातकातरीने काढतात, आणि पात्याच्या डाव्या स्क्रूला कुणाला हात लावू देत नाहीत. सुगीनंतर मागणी उतरली की दांडा बाहेर काढायचं ठरलं आहे.