जंजिऱ्याची सहल आणि मुलांचा प्रश्न

उर्दूत बेटाला 'जझीरा' म्हणतात. शब्द मूळचा अरबी. कोकणात त्याचा जंजिरा झाला आणि मुरूडजवळ राजपुरीच्या खाडीतल्या किल्ल्याला तेच नाव पडलं. शहाडच्या कुटुंबाला ही सहल एका दिवसात करता येते. फक्त फज्रची नमाज आटोपून लगेच निघायला हवं.

गाडी कल्याण, शीळफाटा, पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग, रेवदंडा या वाटेने मुरूडला पोहोचते. पुढे राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात. पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून हिवाळाच बरा. किल्ल्याच्या दरवाजाशी होडी लाटांवर वरखाली होते. तिथे लहान मुलांचा आणि बुजुर्गांचा हात धरावा. पाणी आणि जेवणाचा डबा घरूनच घ्यावा. नावाडी परतीची घाई करतात, त्यामुळे काय बघायचं ते आधीच ठरवावं: दरवाजावरचं पंजात हत्ती धरलेल्या वाघाचं शिल्प, कलाल बांगडी तोफ, वाड्याचे अवशेष आणि चहूकडे खारं पाणी असताना आत असलेले गोड्या पाण्याचे दोन तलाव.

फिरताना सांगितलं जातं की हा किल्ला कुणालाच जिंकता आला नाही. ते खरं आहे. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले. 1682 मध्ये संभाजी महाराजांनी तर किनाऱ्यापासून बेटापर्यंत खाडीत दगडांचा भराव टाकायला घेतला. पण त्याच वेळी मोगल सरदार हसन अली खान आपल्या कल्याण भागात उतरला आणि महाराजांना माघारी फिरावं लागलं. जंजिरा संस्थान संपलं ते 1948 मध्ये, भारतात विलीन होऊन.

हे ऐकून मुलं विचारतात, "मग आपण कुणाच्या बाजूचे?" माझ्या वर्गातही हा प्रश्न आला आहे. "गप्प बस, असं विचारू नये" म्हणून तो टाळू नये. टाळला तर उत्तर मुलं मोबाईलवरून घेतात, आणि ते बहुधा विषारी असतं.

उत्तर इतिहासातच आहे. सिद्दी हे आफ्रिकेतून आलेले हबशी. त्यांनी आधी अहमदनगरच्या निजामशाहीची चाकरी केली, मग विजापूरची, पुढे मोगलांची. त्यांची बहुतेक प्रजा हिंदू होती. दुसऱ्या बाजूला शिवाजी महाराजांच्या आरमाराचा एक प्रमुख दौलतखान होता. 1679 मध्ये खांदेरी बेटासाठी इंग्रजांशी आणि मग सिद्दीशी लढाई झाली, तेव्हा मराठ्यांची जहाजं घेऊन हाच दौलतखान समुद्रात होता. म्हणजे मुसलमान दोन्हीकडे होते. भांडण बंदरांचं, जकातीचं आणि समुद्रावरच्या हुकमतीचं होतं.

म्हणून तटावर उभं राहून मुलांना समोरचा पद्मदुर्गही दाखवा. तो शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याला शह देण्यासाठी बांधला. एकाच ठिकाणाहून दोन्ही किल्ले दिसतात. दोन्ही आपल्याच कोकणातले आहेत आणि दोघांचाही इतिहास आपल्या मुलांचा आहे.

परतताना वेळ उरला तर खोकरीला थांबा. तिथे सिद्दी सरदारांच्या घुमटांच्या कबरी आहेत. फातिहा पढा आणि अंधार पडायच्या आत परतीची वाट धरा.