खुला कोड, बंद किल्ली

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये जा, ‘फोनबद्दल’ उघडा, मग कायदेशीर माहिती आणि तिथली परवान्यांची यादी. बोट दुखेपर्यंत खाली सरकवली तरी ती संपत नाही. फोन ज्या प्रोग्रॅमांवर चालतो ते कुणी लिहिले आणि कोणत्या अटींवर जगाला दिले, याची ती नोंद आहे. यातला मोठा भाग ओपन सोर्स आहे. म्हणजे त्याचा मूळ कोड कुणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाहन उद्योगाच्या पट्ट्याने ही यादी आता नीट वाचायला हवी, कारण फोनमधलं हे सॉफ्टवेअर मोटारींच्या डॅशबोर्डमध्ये पोहोचलं आहे.

सामाईक पाया

लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स कर्नेल लिहायला घेतलं. प्रोसेसर, मेमरी, बॅटरी, कॅमेरा यांच्याकडून काम करून घेणारा हा सर्वांत आतला थर. गूगलने २००५ साली अँड्रॉइड ही छोटी कंपनी विकत घेतली आणि नोव्हेंबर २००७ मध्ये ३४ कंपन्यांची ओपन हँडसेट अलायन्स जाहीर झाली. पुढच्याच वर्षी एचटीसीने बनवलेला पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. त्याच्या पोटात लिनक्सच होतं.

तोवर फोन कंपनीपुढे दोनच वाटा होत्या. स्वतःची प्रणाली घडवायची, नाहीतर दुसऱ्याची पैसे मोजून घ्यायची. तयार आणि फुकट पाया मिळाल्यावर मायक्रोमॅक्ससारख्या भारतीय कंपन्याही स्मार्टफोन विकू लागल्या. नोकियाच्या सिंबियनचा कोड फेब्रुवारी २०१० मध्ये खुला झाला, पण तोवर उशीर झाला होता. आयफोनच्या तळाशीही डार्विन हा खुला गाभा आहे. २०१७ साली आलेल्या जिओफोनमधली कायओएस ही प्रणाली तर मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमधून निघाली.

मराठी अक्षरं कुठून आली

या खुलेपणाचा आपल्याला झालेला सर्वांत मोठा लाभ म्हणजे फोनवरची मराठी. सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनवर देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन दिसत. जोडाक्षरं, वेलांट्या आणि ‘दऱ्या’तला अर्धा र जागच्या जागी बसवायला वेगळी यंत्रणा लागते. अँड्रॉइडमध्ये हे काम हार्फबझ नावाचा खुला प्रोग्रॅम करतो. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी सांभाळलेले लोहित हे खुले फाँट सुरुवातीच्या काही अँड्रॉइड आवृत्त्यांमध्ये बंगाली, तमिळ लिप्यांसाठी वापरले गेले. २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये मेनूची भाषा म्हणून मराठी आली. ज्याला भाषेची अडचण कळते, त्याला कोडपर्यंत पोहोचता आलं आणि ती दूर करता आली. बंद प्रणालीत त्याला कंपनीच्या मर्जीची वाट पाहावी लागली असती.

मग अडतं कुठे?

लिनक्स कर्नेलच्या जीपीएल परवान्याची अट कडक आहे. बदललेलं कर्नेल फोनमध्ये घालून विकलंत, तर तो बदललेला कोडही ग्राहकाला मिळाला पाहिजे. त्यावरचा अँड्रॉइडचा बराचसा थर मात्र अपाचे परवान्याखाली आहे, आणि तो ही सक्ती करत नाही. त्याहून वर प्ले स्टोअर, नकाशे, जीमेल ही गूगलची मालमत्ता आहे, आणि ती करार केल्याशिवाय मिळत नाही. शेत सगळ्यांचं, पण बाजाराकडे जाणारी वाट एकाच्या ताब्यात, अशी ही रचना.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तो याच करारांवरून. अँड्रॉइडच्या खुल्या कोडवरून वेगळी आवृत्ती काढणाऱ्या कंपन्यांची अडवणूक करू नये, हाही आदेशाचा भाग होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही निर्देश रद्द केले, दंड मात्र कायम ठेवला. त्यानंतर दोन वर्षांनी गूगलने अँड्रॉइडची सगळी घडण कंपनीच्या आत नेली. कोड आजही प्रसिद्ध होतो, पण काम पुरं झाल्यावर.

दुसरी अडचण चिपची आहे. चिपच्या ड्रायव्हरचा काही भाग कंपन्या बंद ठेवतात. त्यांनी पाठिंबा थांबवला, की धडधाकट फोनलाही सुरक्षेचे अपडेट मिळेनासे होतात. अँड्रॉइडच्या खुल्या कोडवरून घडवलेल्या लिनिएजओएस या प्रणालीसाठी राबणारे स्वयंसेवक असे फोन जगवतात, पण निर्मात्याने कुलूप उघडू दिलं तरच.

डॅशबोर्डवरची तीच गोष्ट

चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने आहेत. गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या केपीआयटीचं मुख्यालय शेजारी हिंजवडीला. गाडीच्या बाबतीत दोन नावांची गल्लत होते. अँड्रॉइड ऑटो फोनवरची ॲप फक्त गाडीच्या पडद्यावर दाखवतं. अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह ही गाडीत बसवलेली पूर्ण प्रणाली आहे, आणि ती २०२० साली पोलस्टार २ मधून रस्त्यावर आली. लिनक्स फाउंडेशनचा ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स हा प्रकल्प वेगळा. २०१८ च्या टोयोटा कॅमरीत तो वापरला गेला आणि मर्सिडीजची तेव्हाची मूळ कंपनी डाइम्लरही त्यात सामील झाली.

फोन चार वर्षांनी बदलतो, गाडी पंधरा वर्षं चालवायची असते. फोनच्या धंद्यात जे झालं तेच इथे झालं, तर धातू, रंग, इंजिन शाबूत असलेली गाडी एका अपडेटवाचून जुनी ठरेल. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, तेव्हा मोबाइल आणि वाहनं या दोन्हींना त्यात जागा दिली. ग्राहकानेही शोरूममध्ये मायलेजच्या बरोबरीने विचारावं: या पडद्याला किती वर्षं अपडेट मिळतील?

अधिक मोठी जबाबदारी या पट्ट्यातल्या कारखान्यांची आणि महाविद्यालयांची आहे. खुला कोड घेऊन आपलं काम भागवणं सोपं असतं. त्यातली चूक शोधून दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवणं कष्टाचं असतं, पण पुढचा रस्ता कुठे जाणार हे ठरवताना शब्द चालतो तो असे कष्ट करणाऱ्यांचाच. निगडी-आकुर्डीच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पात लिनक्समध्ये स्वीकारली गेलेली एक लहानशी दुरुस्ती असेल, तर तिचे गुण दाखवण्यापुरत्या बांधलेल्या मॉडेलहून जास्त असले पाहिजेत. सुटे भाग अचूक घडवण्याची ख्याती या पट्ट्याने अनेक दशकांच्या मेहनतीने मिळवली. कोडच्या बाबतीतही ती मिळवता येईल, आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल कुणाच्याही परवानगीवाचून आजच उपलब्ध आहे.