शिकेकाई किती वेळ उकळायची?

दिवाळीच्या आठवडाभर आधी कुठल्याही जुन्या पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानासमोर उभं राहावं. नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला कचरा, वाळा, आंबेहळद, अनंतमूळ, सुकलेल्या गुलाबपाकळ्या. पोत्यांची तोंडं उघडी असतात आणि वास पार रस्त्यापर्यंत येतो. बहुतेक गिऱ्हाईकं तयार उटण्याची पाकिटं घेऊन जातात. सुटं सामान मागणारं कुणी आलंच, तर त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : हे किती घ्यायचं आणि याचं करायचं काय?

हा प्रश्न अगदी योग्य आहे. घरगुती वनस्पतींची नावं आज सगळ्यांना पाठ आहेत, मोबाइलवर रोज नवी यादी येते. मागे पडली ती कृती. झाडाचा कुठला भाग घ्यायचा, तो पाण्यात काढायचा की तेलात, किती शिजवायचा आणि कुणाला अजिबात द्यायचा नाही, हे ज्या बायकांना ठाऊक होतं त्यांनी ते कधी लिहून ठेवलं नाही. पण निम्मा गुण त्या कृतीतच असतो.

शिकेकाईचंच बघा. शेंगा फोडून बिया काढायच्या, टरफलं रात्रभर पाण्यात भिजत घालायची, सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळायची, कोमट झाल्यावर हातानं चांगली कुस्करायची आणि पातळ फडक्यातून गाळायची. रिठा घालायचा तर आतली काळी बी टाकून फक्त साल घ्यायची, तीही शिकेकाईच्या निम्म्याहून कमी. रिठा जास्त झाला की केस राठ होतात. या दोन्हींत सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. त्यांच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला, म्हणून मळ सुटतो आणि फेस येतो. साबणाचंही काम असंच चालतं, पण दोन फरक आहेत. साबणाचं पाणी अल्कधर्मी असतं, तर शिकेकाईचं किंचित आम्लधर्मी, म्हणजे आपल्या त्वचेच्या स्वभावाच्या जवळचं. दुसरं म्हणजे बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट साका केसांवर बसतो, सॅपोनिनचा तसा बसत नाही. ज्या गावांत क्षारयुक्त पाण्यानं केसांच्या जटा होतात, तिथं ही गोष्ट फार कामाची आहे. सराफ दागिने उजळायला आणि जाणकार बायका रेशमी लुगडी धुवायला रिठ्याचं पाणी वापरत आल्या, तेही त्याच्या सौम्यपणामुळेच. डोळ्यांना मात्र हे पाणी सौम्य नाही. रिठा डोळ्यांत गेला तर चांगलीच आग होते, त्यामुळे लहान मुलांचं डोकं मागे झुकवूनच धुवावं. आणि हे पाणी टिकत नाही. एक-दोन दिवसांत आंबतं. लागेल तेवढंच करावं.

शिकेकाईच्या पाण्यात आवळकाठी घालून ते लोखंडी कढईत ठेवलं की सगळं काळं होतं. आवळ्यातलं टॅनिन आणि कढईतलं लोह यांचा संयोग होऊन हा काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस हा लोहाचा क्षार यांची शाई करत, त्यामागचं रसायनही हेच. स्टीलच्या पातेल्यात तोच आवळा कितीही उकळला तरी तो रंग येणार नाही. मेंदीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिच्या पानातलं लॉसोन केसाला आणि कातडीला धरतं ते नारिंगी-तांबूसच. दहा मिनिटांत कुळकुळीत काळी रंगणारी ‘काळी मेंदी’ कुणी देत असेल, तर तिच्यात बहुधा पीपीडी हे केसांच्या कलपातलं रसायन मिसळलेलं असतं. त्यानं फोड येतात, आणि एकदा त्याची ॲलर्जी जडली की ती पुढे साध्या कलपानंही उसळते. लग्नसराईत हातभर मेंदी काढून घेणाऱ्या मुलींनी एवढं तरी विचारून घ्यावं.

तेल काढणं हे सगळ्यात नाजूक काम. माका, जास्वंद, ब्राह्मी खोबरेल तेलात नुसती तळली की तेल हिरवं होतं, पण ते ‘सिद्ध’ झालेलं नसतं. आयुर्वेदातलं प्रमाण ठरलेलं आहे : कल्क म्हणजे वाटलेली वनस्पती एक भाग, तेल चार भाग आणि रस किंवा काढा सोळा भाग. मंद आचेवर सगळं पाणी आटेपर्यंत ढवळत राहायचं. पाणी आटलं हे कसं ओळखायचं? तळाचा कल्क चिमटीत घेऊन वळून बघायचा. त्याची वात वळली आणि ती विस्तवावर धरल्यावर तडतडली नाही, की तेल उतरवायचं. तडतडली तर आत पाणी आहे, आणि पाणी राहिलेलं तेल आठवड्याभरात खवट होतं किंवा त्याला बुरशी धरते. थर्मामीटर नसताना इतकी नेमकी चाचणी शोधणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

या तेलानं पांढरे केस काळे होतात का? तसा भरवसा देता येत नाही. खुद्द खोबरेलाबद्दल मात्र ठोस काही सांगता येतं. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली नारळाचं, सूर्यफुलाचं आणि खनिज तेल केसांवर तपासून पाहिलं. धुण्याआधी आणि नंतर लावलेल्या खोबरेलानं केसांतून प्रथिनं कमी गळाली, बाकीच्या दोन तेलांनी तसा फरक पडला नाही. कंपनी स्वतःच खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनच तो निष्कर्ष वाचावा. पण त्यामागचं कारण पटण्याजोगं आहे : खोबरेलात लॉरिक आम्ल भरपूर असतं, त्याचा रेणू लहान आणि सरळ असतो, म्हणून तो केसाच्या आत शिरू शकतो. न्हाण्याआधी तेल चोळायची आपली रीत इथं बरोबर ठरते.

हळदीबद्दल इतकं बोललं जातं की कामाच्या दोन गोष्टी राहूनच जातात. तिच्यातलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. म्हणून लेपात तेल किंवा साय हवी, आणि प्यायचं दूधही मलईचं हवं. तरीही पोटातून ते फार थोडं अंगी लागतं, मिरीबरोबर थोडं अधिक. दुसरी गोष्ट भेसळीची. पिवळेपणासाठी लेड क्रोमेट हा शिशाचा क्षार मिसळलेली हळद बांगलादेशात २०१९च्या अभ्यासात उघड झाली. शिसं अंगात साठत जातं आणि मुलांच्या मेंदूला इजा करतं. हळकुंडं आणून ती डोळ्यांदेखत दळून घ्यावीत.

जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठातल्या दोन संशोधकांना मिळालं होतं. सीएसआयआर या भारताच्या वैज्ञानिक संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक होते. संस्थेनं जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून ते १९९७ साली रद्द करून घेतलं. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि तो असावा. पण त्या निकालानं हे ज्ञान जुनं असल्याचं मान्य झालं, एवढंच. खोल जखम हळदीनं भरून येते असा त्याचा अर्थ नाही. गंजलेला खिळा लागला तर धनुर्वाताचं इंजेक्शनच घ्यावं.

चेहऱ्याच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. लिंबाचा रस तोंडाला लावून उन्हात जाऊ नये. लिंबातली काही द्रव्यं उन्हातल्या अतिनील किरणांनी क्रियाशील होतात, त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. कोरफडीचं पान कापलं की आधी पिवळा चीक गळतो. पान उभं धरून तो पूर्ण निथळू द्यावा, पान धुवावं, मग सोलून पारदर्शक गर तेवढा घ्यावा. चिकानं खाज सुटते, आणि पोटात गेला तर जोराचे जुलाब होतात. तोच चीक आटवून काळा बोळ करतात. कुठलाही लेप पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर वाट पाहावी, मगच चेहऱ्याला लावावा.

खोकल्याला अडुळसा आजही कामाचा आहे. कडू असल्यामुळे शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तो कुंपणाला लावतात आणि अंगणातच मिळतो. त्यातल्या व्हॅसिसीनवरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं आधुनिक औषध घडवलं गेलं. पण व्हॅसिसीन गर्भाशयाचं आकुंचनही घडवतं, त्यामुळे गरोदर बाईला अडुळसा देऊ नये.

गुळवेलीवर मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काविळीमुळे शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या रुग्णांमध्ये गंभीर संशोधन केलं, आणि त्यातून आशा वाटावी असे निष्कर्ष निघाले. त्याच मुंबईत कोरोनाच्या काळात यकृततज्ज्ञांना गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झालेली आढळली आणि २०२१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मानला नाही. मला दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवाव्याशा वाटतात. वैद्याच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवस घेतलेलं औषध वेगळं, आणि भीतीपोटी घरच्या सगळ्यांनी महिनोन्‌महिने प्यायलेला काढा वेगळा.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर हात आवरताच घ्यावा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, त्यातून बॉट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा होऊ शकते. कडुनिंबाचं तेल पोटात गेल्यानं बाळं दगावल्याची नोंद आहे. कापरानं झटके येऊ शकतात, म्हणून बाळाच्या छातीला किंवा नाकाशी कापूर नकोच. सर्दी असेल तर ओव्याची पुरचुंडी तव्यावर किंचित गरम करून, आधी स्वतःच्या गालाला लावून पाहावी आणि मग बाळाच्या अंगावरच्या कपड्यावरून शेकावी. उकळत्या पाण्याच्या वाफेजवळ मूल नेऊ नये, भाजण्याच्या घटना अशाच घडतात.

मोठ्यांपैकी कुणी नेमानं काढा किंवा चूर्ण घेत असेल तर त्याचं नाव एका कागदावर लिहून औषधांच्या फाइलमध्ये ठेवावं. शस्त्रक्रियेआधी, किंवा मधुमेहाचं वा रक्त पातळ करण्याचं औषध चालू असताना, डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता तो कागद त्यांच्यापुढे ठेवावा.