भागीदारीची रोजकीर्द

तंत्रज्ञानाच्या उद्योगात भागीदारी जोडीत गेलेल्या एका मराठी स्त्रीची हकीकत ताडकळसच्या श्रोत्यांपुढे मांडावयाची, असे आम्ही ठरविले, तेव्हा एक प्रश्न आमच्याच मनात उभा राहिला. सोयाबीन, तूर आणि हळद यांच्या गावी कॅलिफोर्नियातील कंपन्यांचे काय काम? परंतु थोडा विचार करता असे दिसून आले की, भागीदारी म्हणजे काय हे मोंढ्यात माल घेऊन जाणाऱ्या माणसाइतके क्वचितच कोणाला कळत असेल. ताडकळसला बाजार समिती आहे. तेथे माल शेतकऱ्याचा, आवार समितीचे, अडत एकाची, खरेदी दुसऱ्याची आणि काटा तिसऱ्याच्या हाती असतो. इतक्या हातांतून एक सौदा पार पडतो, तो काही परस्परांच्या मायेने नव्हे. काट्यावर जे वजन आले ते लिहिले गेले, आणि जे लिहिले गेले ते सर्वांना मान्य आहे, म्हणून तो पार पडतो. एवढे ध्यानी ठेवले म्हणजे पुढील हकीकत परकी वाटणार नाही.

ही हकीकत नेहा नारखेडे यांची आहे. त्या पुण्यात वाढल्या. पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी या महाविद्यालयातून त्यांनी पुणे विद्यापीठाची अभियांत्रिकीची पदवी घेतली, आणि पुढे अमेरिकेत जॉर्जिया टेक येथे संगणकशास्त्राचे उच्च शिक्षण पुरे केले. ओरॅकल या कंपनीत काही काळ काम केल्यावर त्या लिंक्डइनमध्ये आल्या. लोक आपल्या नोकरीधंद्याची ओळख जेथे मांडतात, असे हे संकेतस्थळ. येथेच त्यांच्या खऱ्या कामास आरंभ झाला.

त्या वेळी लिंक्डइनपुढे जी अडचण होती ती आपण आपल्या भाषेत समजून घेऊ. अशा संकेतस्थळावर क्षणोक्षणी काही ना काही घडत असते. कोणी कोणाचे पान पाहिले, कोणी नोकरी शोधली, कोणी ओळख वाढविली. ही प्रत्येक घटना कंपनीतील अनेक विभागांना हवी असते. एकाला तिच्यावरून नोकरी सुचवावयाची असते, दुसऱ्याला लबाडी हुडकावयाची असते, तिसऱ्याला अहवाल करावयाचा असतो. घटना जेथे उपजतात अशी १० ठिकाणे आणि त्या वापरणारे ८ विभाग धरले, आणि प्रत्येकाने प्रत्येकाकडे स्वतंत्र माणूस धाडावयाचा म्हटले, तर ८० वाटा होतात. त्यांतील एखादी बंद पडली तर कोठे अडले हे शोधण्यातच दिवस जातो. उलट, मधे एकच वही ठेवली, दहांनी तीत लिहिले आणि आठांनी तीतून वाचले, तर वाटा अठराच लागतात.

नेहाबाई, जे क्रेप्स आणि जुन राव या तिघांनी ही मधली वही तयार केली. तिला 'काफ्का' हे नाव क्रेप्स यांनी दिले. ही व्यवस्था मुख्यतः लिहिण्यासाठी, तेव्हा नावही एका लेखकाचे असावे, म्हणून फ्रान्झ काफ्का या साहित्यिकाचे नाव त्यांनी घेतले. आमच्या मते तिला 'रोजकीर्द' म्हटले असते तरी चालले असते. जुना मुनीम रोजकीर्द कशी लिहीत असे ते आठवा. व्यवहार ज्या क्रमाने घडला त्याच क्रमाने, शेवटच्या ओळीखाली नवी ओळ. मधे काही घुसडावयाचे नाही, लिहिलेले खोडावयाचे नाही. चूक झालीच तर दुरुस्तीची नोंद खाली वेगळी करावयाची. काफ्काची रीत नेमकी हीच आहे. वाचणारा प्रत्येक जण आपण कोणत्या ओळीपर्यंत आलो याची खूण स्वतःपाशी ठेवतो आणि सवडीने पुढे वाचतो. एक वाचणारा मंद असला म्हणून दुसऱ्याचे अडत नाही. शिवाय वहीच्या प्रती निरनिराळ्या यंत्रांवर असतात. एक यंत्र बिघडले तरी वही नाहीशी होत नाही. २०१५ साली एकट्या लिंक्डइनमध्ये या वहीत दिवसाला एक लाख कोटींहून अधिक नोंदी होत होत्या. सतत शेवटीच लिहीत जाणे यंत्रालाही सोपे पडते, आणि या वेगाचे एक मोठे कारण तेच.

आता मूळ विषयाकडे वळू. २०११ साली ही वही लिंक्डइनने सर्वांसाठी खुली केली. त्याच वर्षी तिघांनी तिच्यावर निबंध लिहिला व त्यावर तिघांचीही नावे आली. पुढे अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखाली ती गेली, आणि २०१२ साली तिला त्या संस्थेच्या पूर्ण प्रकल्पाचे स्थान मिळाले. कोणीही ती वापरावी, कोणीही ती सुधारावी, मात्र कोणी एकट्याने तिच्यावर मालकी सांगू नये, असा हा प्रकार. व्यवहारी माणसाला यात तोटा दिसेल. परंतु ज्या वहीचा मालक एकच सावकार असतो तिच्यावर कुळाचा विश्वास बसत नाही, हे आपल्या मुलखाने पुष्कळ सोसून शिकलेले आहे. वही खुली होती म्हणूनच परस्परांचे स्पर्धक असलेले धंदे तिच्याभोवती जमले.

२०१४ साली या तिघांनी नोकरी सोडून 'कॉन्फ्लुएंट' ही कंपनी काढली. वही फुकट, ती अहोरात्र नीट चालविण्याची जोखीम घेणे आणि तिच्या जोडीची साधने पुरविणे हा धंदा. तिला आरंभी जे ६९ लाख डॉलरचे भांडवल मिळाले, त्यात लिंक्डइनचाही वाटा होता. जिची नोकरी सोडली तीच कंपनी भागीदार झाली, हे विशेष होय. नेहाबाई तेथे प्रथम मुख्य तंत्रज्ञान अधिकारी व पुढे मुख्य उत्पादन अधिकारी होत्या. अशा कंपनीच्या करारांवर अनेकांचे हात फिरलेले असतात. सारे श्रेय एकीला देणे खरे होणार नाही. पण ज्यावर करार व्हावयाचे तो माल घडविणाऱ्यांत त्या होत्या, हेही तितकेच खरे.

खरी कसोटी पुढेच होती. दुसऱ्याची संगणकयंत्रे भाड्याने घेऊन काम चालविण्याची पद्धत, जिला क्लाउड म्हणतात, ती एव्हाना सर्वत्र पसरली होती, आणि ही यंत्रे अ‍ॅमेझॉन, गूगल व मायक्रोसॉफ्ट अशा थोड्या बड्या कंपन्यांच्या हाती होती. ही स्थिती आपल्याला अपरिचित नाही. माल एकाचा आणि पेठ दुसऱ्याची! नोव्हेंबर २०१८ मध्ये अ‍ॅमेझॉनने काफ्का चालवून देण्याची स्वतःची सेवा जाहीर केली. यात बेकायदेशीर काहीच नव्हते, कारण वही खुलीच होती. परंतु पेरणी करणाऱ्याने काय करावे?

कॉन्फ्लुएंटने दोन गोष्टी केल्या. डिसेंबर २०१८ मध्ये तिने स्वतः तयार केलेल्या काही जोडसाधनांचा परवाना बदलला. ही साधने वापरा, वाचा, सुधारा. मात्र तीच आमच्याशी स्पर्धा करणारी सेवा म्हणून विकू नका, अशी अट घातली. मूळ काफ्काला या अटीचा स्पर्श झाला नाही. ती पूर्वीसारखीच खुली राहिली. या बदलावर टीकाही झाली. खुलेपणाला कुंपण घातले, असे कित्येकांचे म्हणणे पडले, आणि ते अगदीच निराधार होते असे आम्ही म्हणणार नाही. दुसरी गोष्ट एप्रिल २०१९ मधली. गूगलने अशा सात कंपन्यांशी सहकार्य जाहीर केले, त्यांत कॉन्फ्लुएंट होती. ग्राहकाने गूगलच्याच दारातून ही सेवा घ्यावी, त्याला बिल एकच यावे, आणि माल घडविणाराला त्याचा वाटा मिळावा, असा तो करार. म्हणजे पेठेच्या धन्याशी भांडणही नाही आणि शरणागतीही नाही. काय देतो व काय देत नाही हे आधी लिहून ठेवले, आणि मग हात पुढे केला. जून २०२१ मध्ये कॉन्फ्लुएंटचे भाग न्यूयॉर्कच्या नॅसडॅक बाजारात आले. नेहाबाईंनी त्याच वर्षी पती सचिन कुलकर्णी यांच्यासह 'ऑसिलर' ही नवी कंपनी स्थापिली. पैशाच्या व्यवहारांतील फसवणूक हुडकणे हे तिचे काम.

यातून आम्ही काय घ्यावे? आमच्याकडे भागीदारी म्हटली की ओळख, गोड बोलणे आणि शब्दाचा भरवसा यांची आठवण होते. या गोष्टी वाईट नाहीत. पण त्यांवर जे उभे राहते ते माणूस बदलताच कोसळते. टिकते ती भागीदारी सर्वांना वाचता येईल अशा नोंदीवर. आणि त्या नोंदीत ज्याचे नाव नाही तो राबतो, परंतु भागीदार होत नाही. आमच्या शिवारात निंदणी, वेचणी करणारी बाई पहाटेपासून राबते. पुष्कळ घरांतून सातबाऱ्यावर मात्र तिचे नाव नसते. तिच्या कष्टाला कोणी नाही म्हणत नाही, पण कर्ज काढताना, माल विकताना, वाटणी होताना तिला विचारण्याचे कारणच उरत नाही. नेहाबाईंचे नाव निबंधावर होते, कंपनीच्या संस्थापकांत होते. म्हणून पुढल्या प्रत्येक बोलणीत त्यांची जागा होती.

गावोगावच्या बचत गटांत आज बाया स्वतः वही लिहितात. कोणी किती भरले, कोणी किती उचलले, सारे क्रमाने आणि सर्वांसमक्ष. संगणकाचा मोठा उद्योग ज्या रीतीवर उभा राहिला तिचे बीज त्या वहीत आहे, हे त्यांनी ओळखावे. आणि घरातल्या कर्त्या पुरुषांनी या व्याख्यानाहून परतल्यावर एवढेच करावे, की आपला सातबारा काढून त्यावर कोणाची नावे आहेत ती एकदा मोठ्याने वाचावी.