पुड्यांची बेरीज आणि यंत्राची वही



कुरखेड्यात वसंत आला की व्याख्यानांपेक्षा तेंदूपत्त्याची चर्चा अधिक होते, आणि ते रास्तच आहे. म्हणून संगणकाला हिशेब सांगावा कसा, हा आजचा विषय मी फळीवरूनच मांडतो. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. हंगाम थोड्या दिवसांचा, पण नोंदी हजारोंनी.

समजा, ३० गावांच्या २०,००० ओळी यंत्रात भरल्या आणि प्रत्येक गावाची बेरीज हवी आहे. नवशिका कारकून लिहितो : ‘गाव कुरखेडा असेल त्या ओळी वेगळ्या काढ व पुडे मिळव.’ मग तोच मजकूर खाली उतरवून नाव बदलतो. असे तीस वेळा. यंत्र प्रत्येक वेळी सारी वही पहिल्या ओळीपासून वाचते, म्हणजे ६ लाख ओळींचे वाचन. यंत्र थकत नाही हे खरे; एवढ्या कामाची त्याला मातब्बरीही नाही. माझा आक्षेप निराळा आहे. उत्तरावर एकोणिसाव्या गावाचे नाव घातले, पण निवडीच्या ओळीत अठराव्याचेच राहिले, तर एका गावाचे पुडे दोनदा मोजले जातात आणि दुसऱ्याचे नाहीसे होतात. यंत्र हूं की चूं करीत नाही. आकडा दिसायला सरळ असतो. मजुरी मात्र बुडते.

टपालाची छाननी करणारा कधी असे करतो काय? कुरखेड्याची पत्रे शोधायला सारी थैली उपसायची, पुन्हा कोरचीसाठी उपसायची? तो पत्र एकदाच हाती घेतो आणि त्याच्या खान्यात टाकतो. संख्याशास्त्राच्या भाषांत हेच काम ‘ग्रुप-बाय’ करते : ‘गावागणिक गट पाड व पुडे मिळव.’ आज्ञा एक, वाचन एक. उद्या एकतिसावे गाव आले तरी अक्षर बदलावे लागत नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंडला रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० नंतरच्या दशकात घडविलेली ‘आर’ भाषा तर फुकट मिळते; ती १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत सुरू झालेल्या ‘एस’च्या वळणाची आहे.

दराचेही तसेच. जेथे ग्रामसभा स्वतः लिलाव करतात तेथे दर गावोगाव निराळे असू शकतात. त्यासाठी तीस ‘जर-तर’ लिहू नयेत. गाव आणि दर असा दोन रकान्यांचा तक्ता करावा व तो नोंदींना जोडावा. या जोडणीला ‘मर्ज’ म्हणतात. तो तक्ता कागदावर काढून ग्रामसभेत वाचता येतो, कोणीही बाई उठून ‘आमचा दर हा नव्हे’ म्हणू शकते. तीस जर-तरांपुढे ती काय बोलणार?

मात्र खाने आंधळे असतात. ‘कुरखेडा’ आणि ‘कुर्खेडा’ यांचे ते दोन गट पाडतात. ‘पायथन’मधले ‘पांडाज’ गावाचे नाव कोरे असलेल्या ओळी, वेगळे सांगितले नाही तर, मुकाट्याने गाळते. ‘आर’मधील साधी ‘मर्ज’ आज्ञाही दर न सापडलेल्या ओळी सोडून देते. यासाठी गावांच्या बेरजांची बेरीज मूळ वहीच्या एकूण पुड्यांशी ताडून पाहावी, आणि न जुळलेल्या ओळींची यादी निराळी छापून मजुरी वाटण्याआधी फळीवर लावायला सांगावी.