भारी गाडी, रोजचा रस्ता

कोल्हापुरात कुणी नवी गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ॲव्हरेज किती देती?’ दुसरा प्रश्न, ‘पळायला कशी हाय?’ पहिल्याचे उत्तर मालक थोडे वाढवून सांगतो, दुसऱ्याचे बरेच वाढवून. आता रस्त्यावर अशा गाड्याही दिसू लागल्या आहेत की ज्यांच्याबाबत पहिला प्रश्न विचारणे गैर वाटते आणि दुसऱ्याचे उत्तर विचारण्याआधीच ठाऊक असते. पुण्याहून गोव्याकडे निघालेली एखादी पोर्श किंवा लॅम्बोर्गिनी तावडे हॉटेलपाशी दिसली, की चहाच्या टपरीवरची चर्चा तिच्याकडे वळते. ऐपत असलेली काही मंडळी खरोखरच विचारतात, ‘सर, अशी गाडी रोज वापरायला घ्यावी का?’

यंत्र अभियांत्रिकी शिकवण्यात माझी उमेद गेली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर नाही. अशा गाड्या मोजण्याची जी मापे आपल्याला दिली जातात, ती रोजच्या चालकाच्या उपयोगाची नाहीत. मापे बदलली की उत्तर आपोआप निराळे येते. ती कोणती, हे या लेखात सांगायचे आहे.

मोठ्या गाडीचे कौतुक या शहराला नवे नाही. दसऱ्याला राजघराण्याची जुनी जर्मन मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा लोक तिला पाहायला गर्दी करतात. झेपेलिन वायुनौकांची इंजिने घडवणाऱ्या कारखान्याची ही गाडी. पण त्या दिवशी ती चालते माणसाच्या पावलाच्या वेगाने, आणि तरी तिच्या रुबाबात काही उणे राहत नाही. गाडीचा मान आणि गाडीचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोल्हापूरकर दर दसऱ्याला पाहतो. शोरूममध्ये मात्र तो ते विसरतो.

शोरूममधल्या माहितीपत्रकात तीन आकडे ठळक असतात: अश्वशक्ती, शून्यापासून ताशी १०० किलोमीटरला लागणारा वेळ, आणि कमाल वेग. कमाल वेग आधी बाजूला ठेवू. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींची मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. ताशी ३०० हा आकडा मालकाने फक्त वाचायचा असतो.

दुसरा आकडा अधिक फसवा आहे. एखादी गाडी साडेतीन सेकंदांत शंभरचा वेग गाठते, म्हणजे काय होते? तेवढ्या वेळात ती साधारण ५० मीटर पुढे जाते. उसाच्या दुहेरी ट्रॉल्यांचे तीन ट्रॅक्टर एकामागे एक उभे केले, तर जेवढी रांग होईल तेवढे हे अंतर. शहरात एवढ्या अंतरात एखादी गल्ली येते, एखादी शाळा येते, एखादी म्हैस येते. वेग घ्यायला जागा पुरते; प्रश्न आहे तो वेग सोडायला किती जागा लागते हा.

त्याचा हिशेब करून पाहू. समोर अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर धावते, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ४२ मीटर संपले. त्यानंतर उत्तम स्पोर्ट्स कार सुमारे ३४ मीटरमध्ये थांबते. साध्या चांगल्या गाडीला सुमारे ४२ मीटर लागतात. एकूण अंतर एकीचे ७६ मीटर, दुसरीचे ८४. कोट्यवधी रुपये मोजून इथे आठ मीटर मिळाले. आता तीच साधी गाडी ताशी ८० ने चालवा. प्रतिक्रियेचे ३३ मीटर, ब्रेकचे २७; एकूण ६०. वेग वीसने कमी केला की साधी गाडी महागड्या गाडीच्या आधी १६ मीटर थांबते. उलट महागडी गाडी १५० ने चालवली, तर तिला जवळजवळ १४० मीटर लागतात, कारण ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ब्रेकच्या चकत्या सिरॅमिकच्या असोत की लोखंडाच्या, हा वर्ग कुणाला चुकत नाही.

आपल्या भागात या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रात्री ऊस भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. अनेकींना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर पाचटाने झाकलेला. साध्या गाडीच्या डिपरचा उपयोगी उजेड ५०–६० मीटरपर्यंत पोचतो. म्हणजे शंभरने जाणारी कोणतीही गाडी, तिची किंमत काहीही असो, डिपरवर असताना दिसते त्यापेक्षा लांब थांबते. महागड्या गाडीचे दिवे अधिक दूरचे दाखवतात हे खरे आहे. पैसा कशावर घालावा, याच्या माझ्या यादीत म्हणूनच दिवे इंजिनाच्या वर आहेत.

वळणांचे गणितही असेच आहे. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना २० मीटर त्रिज्येचे वळण आले असे धरा. कोरड्या रस्त्यावर साध्या गाडीचे टायर साधारण ताशी ४५ पर्यंत पकड ठेवतात. रुंद, चिकट टायरांची स्पोर्ट्स कार तेच वळण ५० ने घेईल. फरक पाच किलोमीटरचा. तो टायरांचा आणि गाडीच्या बैठ्या बांधणीचा आहे. इंजिनाच्या सातशे अश्वशक्तींचा त्यात काही वाटा नाही. पावसात तर दोघींची पकड घटते, आणि रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगू लागतो.

आता ज्या गोष्टीची सगळ्यांना धास्ती असते तिच्याकडे वळू: गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्यानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा. पोर्श ९११ च्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर आहे २.४५ मीटर. ही गाडी अशा गतिरोधकाच्या मधोमध आली, तर चाकेही त्याच उंचवट्यावर चढलेली असतात. त्यामुळे दोन चाकांमधला फुगवटा पोटाकडे येतो तो फक्त ४४ मिलिमीटर. अशा गाड्यांचे पोट जमिनीपासून साधारण १०० ते १३० मिलिमीटर वर असते, म्हणजे ती आरामात जाते. पण आपल्याकडे गल्लीतल्या मंडळींनी एका रात्रीत डांबर ओतून केलेला गतिरोधक मीटरभर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच असतो. तो पूर्णपणे दोन चाकांच्या मध्ये मावतो आणि अख्खे १५ सेंटिमीटर पोटाला भिडतात. म्हणजे स्पोर्ट्स कार अडते ती नियमबाह्य गतिरोधकावर. त्याच गतिरोधकावर दुचाकीवर मागे बसलेल्या बाईंची कंबर मोडते, पण त्याची चर्चा होत नाही. काही गाड्यांत बटण दाबून नाक ४० मिलिमीटर उचलण्याची सोय मिळते. आपल्या गावात गाडी रोज वापरायची, तर ही सोय चैनीची मानू नये.

खड्ड्यांसाठी टायरची भिंत पाहावी. ३०५/३० मापाच्या टायरची भिंत ९१ मिलिमीटर भरते. साध्या १८५/६५ टायरची १२०. जड गाडी, पातळ भिंत आणि पावसाळ्यानंतरचा रस्ता असा योग जुळला की आधी रिम वाकतो. बहुतेक स्पोर्ट्स गाड्यांत स्टेपनी नसते. आंबा घाटात रात्री टायर फुटला, तर पुढचे तास कसे जातील याचा विचार शोरूममध्येच करावा. शिवाय २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग काही दिवस बंद होता, हे ज्यांना आठवते त्यांनी गाडीचे हवा ओढणारे तोंड जमिनीपासून किती वर आहे, तेही विचारून घ्यावे.

इथपर्यंतची मापे गाडीच्या शरीराची झाली. सर्वांत महत्त्वाचे माप चालकाशी जोडलेले आहे: ही गाडी चालकाला वेग कळू देते का?

जुन्या वेगवान गाड्या या बाबतीत कठोर होत्या. १९७५ च्या पोर्श ९११ टर्बोला इंग्रजीत ‘विधवा करणारी’ असे टोपणनाव पडले होते. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, आणि टर्बोची ताकद ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर थांबून एकदम येणारी. वळणात ती आली, किंवा घाबरून चालकाने पाय उचलला, की मागचा भाग पुढे यायला बघे. त्या गाडीत वेग कमवावा लागे. क्लच, गिअर, स्टिअरिंग यांची उमेदवारी केल्याशिवाय तो मिळत नसे, आणि मिळाला तर कानठळ्या बसत.

१९९० मध्ये होंडाने एनएसएक्स आणली ती याच्या उलट विचाराने. संपूर्ण ॲल्युमिनियमची बॉडी, चहूकडे नीट दिसेल अशी एफ-१६ विमानाच्या कॉकपिटवरून सुचलेली केबिन, आणि बाजारहाटालाही नेता येईल असा स्वभाव. आयर्टन सेनाने चाचणीत तिचा सांगाडा नाजूक वाटतो असे सांगितल्यावर तो अधिक ताठ केला गेला. मॅकलारेन एफ१ चे रचनाकार गॉर्डन मरे यांनी बसायला आणि वळवायला कशी असावी याचा आदर्श म्हणून हीच गाडी पुढे ठेवली होती. तिची ताकद जेमतेम २७० अश्वशक्ती. रोजच्या चालकासाठी स्पोर्ट्स कार करता येते, आणि तिचे रहस्य अश्वशक्तीत नसते, याचा हा उत्तम दाखला आहे.

आजची गाडी दोन्हींहून वेगळी आहे. तिला उमेदवारी नको. संगणक चाके घसरू देत नाही, काचा आवाज आत येऊ देत नाहीत, सस्पेन्शन हादरे गिळते. ताशी १२० ला आत बसलेल्याला साठचा भास होतो. विजेवर चालणारी असेल तर इंजिनाची घरघरही नाही. पूर्वी कौशल्य नसलेल्याला वेग मिळत नव्हता, हेच एक कुंपण होते. ते आता निघाले आहे.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये पोर्श टायकान गाडीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, प्राणाला मुकले. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. बाल न्याय मंडळाने जामीन देताना अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घातली, आणि महाराष्ट्रभर संताप उसळला. खटल्याविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. पण त्या जातीच्या गाडीविषयी यंत्रशास्त्र काय म्हणते, ते सांगता येते. टायकानचे वजन दोन टनांहून अधिक. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चे सुमारे ६५० किलो आणि ताकद ३७ अश्वशक्तीच्या आसपास. साठच्या वेगातल्या मारुतीत जेवढी ऊर्जा साठते, तिच्या सुमारे वीसपट ऊर्जा १५० च्या वेगातल्या टायकानमध्ये साठते. आत बसलेल्यासाठी या ऊर्जेपासून वाचायला एअरबॅगा आहेत, चुरगळून धक्का पिणारा सांगाडा आहे. दुचाकीवरच्यासाठी काही नाही. अशा गाडीची सुरक्षितता आपण आतून मोजतो. रोजच्या रस्त्यावर ती बाहेरूनही मोजायला हवी.

तेव्हा विचारणाऱ्यांना मी चार गोष्टी सांगतो. चाचणीला महामार्गावर जाऊ नका. संध्याकाळी महाद्वार रोडच्या आसपासच्या गर्दीत गाडी वीसच्या वेगाने अर्धा तास चालवून पाहा. गिअर हिसके देतो का, इंजिन तापते का, मागचे दिसते का, कंबर कुरकुरते का, हे तिथे कळते. दुसरे, चाळीसच्या वेगालाही चालवायला मजा येते का, ते पाहा. तिथे मजा नसेल, तर ती तुम्हाला फक्त गुन्हा करताना येणार आहे. तिसरे, आयातशुल्काने दुपटीच्या घरात गेलेल्या किमतीखेरीज टायर, विमा आणि महानगरातले सर्व्हिस सेंटर यांचा वर्षाचा खर्च लिहून काढा. वेगाचीच हौस असेल, तर ती ट्रॅकवर भागवा. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे, आणि जमिनीला चिकटून धावणाऱ्या त्या छोट्या गाडीत वेग पुरेपूर कळतो.

चौथी गोष्ट किल्लीची. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९९अ कलम आले. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत वेगाची कमाल मर्यादा ठरवून ठेवता येते. ती सोय आहे का, हे शोरूममध्ये विचारा, ताबा घेतल्या दिवशी ती लावा, आणि किल्ली घरात सगळ्यांच्या हाताला येईल अशा खुंटीवर टांगू नका.