पालथं पडून दिलेला पहारा

अमेरिकेत सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, दिवशी स्टेडियमभोवतीचं आकाश काही तासांसाठी जवळजवळ बंद होतं. साधारण ३० सागरी मैलांपर्यंत, १८,००० फूट उंचीपर्यंत निर्बंध. आतल्या १० मैलांत प्रवासी विमानं, पोलीस, हवाई रुग्णवाहिका अशा मोजक्यांनाच मुभा. राखणीचं काम नोरॅडकडे. अमेरिका आणि कॅनडाची ही संयुक्त यंत्रणा १९५८ पासूनची. देशांतर्गत आकाशावरची तिची गस्त मात्र ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर वाढली.

कौतुक होतं ते एफ-१६ या लढाऊ विमानाचं. पण त्याच्या पोटात जेमतेम तीन टन इंधन मावतं, आणि गस्तीवर तर तासन्‌तास घिरट्या घालायच्या. इंधनासाठी तळावर परतलं, की तेवढा वेळ आकाश उघडं. म्हणून मला त्या दिवसाचा खरा आधार वाटतो हवेतच इंधन भरून देणारा केसी-१३५ हा टँकर. १९५६ साली तो पहिल्यांदा उडाला, १९६५ नंतर नवा एकही बनला नाही. इंजिनं बदलली, कॉकपिटमधली उपकरणं बदलली, सांगाडा तोच. टाक्यांत सुमारे ९० टन इंधन.

त्याच्या शेपटाखाली बूम ऑपरेटर पालथा पडलेला असतो. हनुवटी टेकवून खिडकीतून मागे बघत. एफ-१६ काही मीटरांवर येऊन ठेपतं. दोघांचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या वर. टँकरच्या पोटाखालच्या दिव्यांच्या दोन रांगा वैमानिकाला वर-खाली, पुढे-मागे सरकायला सांगतात. बूम म्हणजे इंधनाची ताठ, लांब नळी. तिला स्वतःचे छोटे पंख असतात. ऑपरेटर त्या पंखांच्या जोरावर ती हवेत उडवत नेतो आणि एफ-१६ च्या कॉकपिटमागच्या तोंडात अलगद बसवतो. हात जरा चुकला तर वैमानिकाच्या डोक्यावरची काच फुटू शकते. इतकं नाजूक काम करणाऱ्या माणसाचं नाव प्रेक्षकांना कधीच कळत नाही, याची मला खंत वाटते.

सामन्याआधी तालीम होते. सिव्हिल एअर पॅट्रोल या संघटनेचे स्वयंसेवक छोटं सेसना विमान घेऊन मुद्दाम घुसखोर बनतात. प्रत्यक्षातला घुसखोरही बहुधा निर्बंधांची सूचना न वाचता निघालेला एखादा हौशी वैमानिकच असतो. लढाऊ विमान शेजारी येऊन पंख हलवतं, १२१.५ मेगाहर्ट्‌झवर बोलावतं. उत्तर आलं नाही तर फ्लेअर, म्हणजे जळते प्रकाशगोळे, सोडतं. इतक्या संथ विमानाबरोबर जेटला सरळ उडणं कठीण, म्हणून हेलिकॉप्टरंही तयार असतात. पाठलाग संपला की एफ-१६ पुन्हा टँकरमागे येऊन लागतं.